पेट्रोलचा वास

मंडळी, बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले चार-पाच शनिवार-रविवार ऑफिसच्या रिलीजने खाल्ले आणि त्यानंतरचे दिवाळीने. पण दिवाळीत घरी, म्हणजे दारव्ह्याला, जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. विषय जरा तेलकट आहे. गाड्यांमध्ये रस नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, अर्ध्याहून जास्त लेख इतिहासाचाच आहे.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून मी सकाळीच पोचलो होतो. आई पोर्चच्या पायर्‍यांवर पणत्या मांडत होती. बाबा नुकतेच बाजारातून गाडी घेऊन आले आणि नेहमीसारखी पोर्चमध्ये लावून आत गेले. मी पायरीवर बसलो, आणि नाकात पेट्रोलचा वास शिरला. थोडाथोडका नाही, पंपावर येतो तसा.

"बाबा, गाडीला पेट्रोलचा वास येतोय."

"येतो हल्ली अधूनमधून. जुनी झाली ना ती. तुझ्या मामाच्या ॲम्बॅसिडरमध्ये तर बसलं की वास यायचा. काही होत नाही त्याने."

मी आधी पणत्या उचलल्या. आई रागावली, कारण दोन पेटवून झाल्या होत्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हातानेच ढकलत अंगणाच्या पार टोकाला नेली, तासभर थांबलो आणि बॉनेट उघडलं. मोबाइलच्या उजेडात दिसलं ते असं: इंजिनाच्या डोक्याजवळ एक आडवी नळी, तिला खाली लटकलेले इंजेक्टर, आणि त्यातल्या एकाच्या मानेभोवती ओलसर चकाकी. खालचा धातू त्या जागी धुतल्यासारखा स्वच्छ. वीस वर्षांच्या इंजिनावर स्वच्छ जागा दिसली की समजावं, काहीतरी गळतंय.

आमच्या धंद्यात लीक म्हणजे मेमरी लीक. सर्व्हर रीस्टार्ट केला की दोन दिवसांची निश्चिंती. इथे तसं नव्हतं.

गाडी २००३ सालची, लहान, पेट्रोलवर चालणारी. मागे अजून 'एमपीएफआय' अशी अक्षरं चिकटवलेली आहेत, त्यातलं एक अर्धं उडालंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बावीस वर्षांनी एक रबर गेलं तर त्यात कंपनीचा काय दोष? मी पाचवीत असताना याच गाडीच्या मागच्या सीटवर उलटी केली होती, त्यामुळे तिच्याबद्दल माझं मत तसंही निःपक्षपाती नाही.

रात्री झोप येईना. बाबांचं म्हणणं डोक्यात फिरत होतं. बाबा हायस्कूलात शिकवायचे, विचार केल्याशिवाय बोलणारे नाहीत. मग त्यांना या वासाची भीती का वाटली नाही? उत्तर सापडलं ते असं, की ते ज्या गाड्यांमध्ये लहानाचे मोठे झाले त्यांच्याबाबतीत त्यांचं म्हणणं बर्‍यापैकी खरंच होतं. वास तोच आहे, पण त्याचा अर्थ साधारण २००० सालाच्या आसपास बदलला. आणि हा बदल कुणी घरोघरी जाऊन सांगितला नाही.

जुनी गोष्ट आधी. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जीप, आणि १४ डिसेंबर १९८३ ला जिची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली ती मारुती ८०० सुद्धा, या सगळ्या कार्बोरेटरवाल्या. कार्बोरेटर म्हणजे एक छोटं भांडं. त्यात तरंगणारा एक फ्लोट, आपल्या संडासच्या टाकीत असतो तसाच. भांड्यातलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्याच दाबाला असतं. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि भांड्यातलं पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर खेचलं जातं. वीज नाही, सेन्सर नाही. सकाळी थंडी असेल तर चोक ओढायचा. फ्लोट अडकला की पेट्रोल 'ओव्हर' व्हायचं आणि भांड्यातून बाहेर सांडायचं. तेव्हा वास यायचाच, सांडलं नाही तरी यायचा, कारण त्या भांड्याला हवा घ्यायला तोंडच उघडं असायचं. पंपाचा जोरही मामुली, पाण्याच्या दोन-तीन मीटर उंच टाकीइतका. गळालं तर थेंब-थेंब गळायचं, आणि इंजिन बंद केलं की थोड्या वेळाने थांबायचं.

आगी तेव्हाही लागायच्याच, नाही असं नाही. पण वास हा रोजचा होता. मेकॅनिक लोक जेट काढून तोंडाने फुंकायचे आणि पेट्रोलनेच हात धुवायचे. दारव्ह्याच्या आमच्या मेकॅनिक काकांच्या गॅरेजात लहानपणी गेलं की तो वास मला आवडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

इंजेक्शनवाल्या गाडीत मात्र पेट्रोल खेचलं जात नाही, ते ढकललं जातं. टाकीतला विजेचा पंप ते अडीच-तीन बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीच-तीन पट जोराने, त्या आडव्या नळीत भरतो. स्कूटरच्या टायरमधल्या हवेपेक्षाही हा दाब जास्त. मापायचं काम कॉम्प्युटर करतो, इंजेक्टर एका वेळी काही मिलिसेकंदच उघडतो. इंजिन बंद केल्यावरही हा दाब लगेच उतरत नाही, तो टिकावा अशीच रचना असते, म्हणजे पुढच्या वेळी गाडी चटकन चालू व्हावी. आता अशा नळीच्या सांध्यातून गळती झाली, तर थेंबाऐवजी बारीक फवारा उडू शकतो, आणि तोही तापलेल्या इंजिनावर. गाडी लावून बाबा आत गेले तरी आमच्या पोर्चमध्ये तो दाब होताच, दोन हातांवर पणत्या.

मग अशी दाबाची भानगड हवीच कशाला होती? याचा इतिहास मजेशीर आहे.

पेट्रोलच्या इंजेक्शनला खरा जोर आला तो विमानांमुळे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली तिच्यात जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये डाइम्लर-बेंझचं इंजेक्शनवालं इंजिन होतं आणि ब्रिटिशांच्या स्पिटफायर, हरिकेनमध्ये रोल्स-रॉइसचं कार्बोरेटरवालं मर्लिन. जर्मन वैमानिक संकटात सापडला की नाक खाली घालून सरळ सूर मारायचा. ब्रिटिश वैमानिकाने तसंच केलं की फ्लोटचं भांडं उलटंपालटं, पेट्रोल भलतीकडे, इंजिन आचके देणार. पाठलाग करायचा तर आधी विमान पाठीवर उलटं करायचं आणि मग खाली जायचं. तेवढ्यात शत्रू पसार. यावर तोड काढली ती बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी. या बाई ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती मारायच्या. पेट्रोलच्या वाटेत बसवायची, मधोमध भोक असलेली एक छोटीशी पितळी चकती त्यांनी शोधली, आणि १९४१ मध्ये विमानतळांवर हिंडून ती विमानांना बसवून घेतली. एवढ्या मोठ्या युद्धयंत्रात वायसरच्या आकाराच्या तुकड्याने फरक पडला. आमच्या पोर्चमधल्या प्रकरणात हे मला फार आठवत होतं.

युद्धानंतर १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये थेट इंजेक्शन आलं, पण ती श्रीमंतांची शर्यतीची गाडी. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास विजेवर चालणारं इंजेक्शन क्रायस्लरच्या गाड्यांना लावून पाहिलं. जेमतेम ३५ च्या आसपास गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेकांना नंतर मुकाट्याने कार्बोरेटर बसवावे लागले. (पहिलं व्हर्जन प्रॉडक्शनमध्ये ढकललं की रोलबॅक करावाच लागतो, हे तेव्हाही खरं होतं.) ते पेटंट पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेलं आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या अगदी सामान्य गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं.

सामान्य गाडीत का आलं? वेग हवा म्हणून नाही, धुरामुळे. लॉस एंजेलिसवर सगळीकडे डोळे चुरचुरवणारं धुकं पसरायचं. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरावर आणि न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेवर ऊन पडून हे तयार होतं. म्हणजे बाबांना साधा वाटणारा वास तिथे सरकारी प्रश्न झाला होता. कॅलिफोर्नियाने नियम केले, १९७० मध्ये अमेरिकेचा हवा-शुद्धीचा कडक कायदा आला, त्यामागून सायलेन्सरच्या वाटेवर बसणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. या कन्व्हर्टरची खोड अशी की तो तिन्ही घातक वायू नीट मारतो ते हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ असेल तेव्हाच. जरा इकडेतिकडे झालं की तो रुसतो. इतकं काटेकोर माप फ्लोट आणि भोकांच्या भरवशावर सांभाळणं अवघड. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, तो वाचणारा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरचं ऐकणारा इंजेक्टर असं सगळं लटांबर आलं.

आपल्याकडे हे दिल्लीवरून आलं. एम. सी. मेहता या वकिलांनी दिल्लीच्या हवेसाठी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, ती वर्षानुवर्षं चालली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं. शिसं कन्व्हर्टरला विष असतं. २९ एप्रिल १९९९ ला न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या खाजगी गाड्यांसाठी युरो मानकांच्या तारखा ठरवून दिल्या, युरो-२ साठी १ एप्रिल २०००. कार कंपन्यांची झोप उडाली. त्याच तारखेपासून सगळ्या देशाला त्याच्या आधीच्या पायरीचे, 'भारत २०००' या नावाचे नियम लागू झाले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल. १९९८ मध्ये आलेली सँट्रो एमपीएफआय इंजिन घेऊनच आली होती. २००० च्या सुमारास मारुती ८०० लाही इंजेक्शन लागलं. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, तेव्हा एमपीएफआय ही चार अक्षरं गाडीच्या मागे पदवीसारखी मिरवायचे. त्यांचा अर्थ एवढाच, की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर.

गंमत बघा. लॉस एंजेलिसचं धुकं आणि दिल्लीचा धूर, आणि त्यावरचं औषध आलं आमच्या दारव्ह्यात, जिथे तेव्हा हवेत असायची ती कापसाची कुसं आणि रस्त्याची धूळ.

तसं पाहिलं तर दारव्ह्याला इंजेक्टर नवा नाही. आमच्या गावावरून मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरो गेज गाडी जायची, शकुंतला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९२३ पासून ओढत होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं आणि डिझेलचं आलं. वाफेच्या इंजिनातही इंजेक्टर असतो. जिफार नावाच्या फ्रेंच माणसाने १८५८ मध्ये पेटंट घेतलेली ती एक अफलातून गोष्ट आहे: बॉयलरचीच वाफ वापरून त्याच बॉयलरमध्ये, त्याच्या दाबाविरुद्ध, पाणी ढकलायचं. एकही हलता भाग न वापरता. आणि डिझेल इंजिन तर इंजेक्शनशिवाय चालतच नाही. म्हणजे आधी पाण्याचा इंजेक्टर, मग डिझेलचा, मग पेट्रोलचा. आता शकुंतला बंद आहे. असो, त्यावर लिहायला वेगळा शनिवार लागेल.

पाडव्याच्या दुसर्‍या दिवशी मेकॅनिक काकांना गाठलं. आता साठीच्या पुढचे आहेत. गॅरेज मुलाने घेतलंय, पण तो भाऊबीजेला बहिणीकडे गेलेला. काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"वास कवापासून येऊन राहिला, सर?"

बाबा म्हणाले, "दोन-तीन महिने झाले असतील."

"दोन-तीन महिने!" काकांनी कपाळाला हात लावला. "आन् तुमी घरात लावता गाडी? हे कार्बोरेटरचं ओव्हर होनं नाही ना बाप्पा."

मी रात्रभर जागून काढलेला निष्कर्ष काकांनी एका वाक्यात सांगितला. आणि गंमत म्हणजे एमपीएफआय आल्यावर याच काकांचं अर्धं गिर्‍हाईक यवतमाळला गेलं होतं. 'स्कॅनर लागतो, तुमच्याकडे नाही,' असं म्हणून. स्कॅनर मुलाने पुढे घेतला. पण ही गळती स्कॅनरला दिसतच नाही. माझ्याकडे एक ब्लूटूथवाला रीडर होता, तो मी मोठ्या ऐटीत लावला होता. त्याने सांगितलं, सर्व काही ठीक. त्याचंही बरोबरच आहे, त्याला नाक कुठे आहे?

आता या नाटकातल्या खर्‍या पात्राकडे येतो. इंजेक्टरला दोन रबरी कड्या असतात, ओरिंग. वरची कडी पेट्रोलच्या नळीत बसते आणि सगळा दाब तिच्यावर. खालची इंजिनाच्या हवेच्या वाटेत बसते, तिच्यावर पेट्रोलचा दाब नसतो. वरची गेली की पेट्रोल बाहेर. खालची गेली की हवा आत, मग गाडी उभ्या जागी गुरगुरते, आरपीएम खालीवर होतो, पण वास येत नाही. लोक दोन्हीला 'इंजेक्टर लीक' म्हणतात. तिसराही एक प्रकार आहे, इंजेक्टरचं टोकच नीट मिटत नाही आणि पेट्रोल आतल्या आत ठिबकतं. त्याला रबर बदलून काही उपयोग नाही.

ही ओरिंग आज इतकी सामान्य वाटते की तिला कुणी शोधलं असेल हे डोक्यातच येत नाही. नील्स क्रिस्टेन्सन हा मूळचा डेन्मार्कचा माणूस, १८९१ मध्ये अमेरिकेत गेला, ट्रामगाड्यांच्या एअर ब्रेकवर नाव कमावलं. ओरिंगच्या पेटंटसाठी त्याने अर्ज केला तो १९३७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर. खाचेची लांबी-रुंदी किती ठेवली तर रबराची कडी टिकते, हे त्याने प्रयोग करून ठरवलं. तेच तर खरं संशोधन होतं, कड्या काय कुणीही कापतं. १९३९ मध्ये पेटंट मिळालं, मग युद्ध आलं आणि अमेरिकन सरकारने ते युद्धोपयोगी म्हणून सगळ्यांना खुलं केलं. त्याला ७५,००० डॉलर एकरकमी मिळाले.

ओरिंग चालते कशी हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल तर मी त्या दिवशी कँटीनमध्ये होतो.) कडी खाचेत थोडी दाबून बसवतात. ती पुन्हा गोल व्हायला बघते, म्हणून दोन्ही भिंतींना चिकटून राहते. पलीकडून दाब आला की तो कडीला फटीकडे रेटतो, आणि ती तिथे आणखी घट्ट बसते. म्हणजे ज्या दाबाला अडवायचं तोच तिला मदत करतो. मात्र एक अट आहे: रबर जिवंत पाहिजे. दाबल्यावर परत फुगणारं. वर्षानुवर्षं तापलं की ते कडक होतं, आणि दाबलेल्या आकारातच राहून जातं, परत गोल होत नाही. थंडीनेही तात्पुरतं असंच होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं तेव्हा तळावर गोठायला आलेली थंडी होती, आणि रॉकेटच्या सांध्यातल्या ओरिंग वेळेवर फुगल्या नाहीत. सात माणसं गेली. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा सगळ्यांसमोर बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. जाडीला काही मिलिमीटरचीच ती कडी.

आमच्याकडे थंडीचा प्रश्न नाही, उलट आहे. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. वर गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. शाळेपर्यंत जा, बंद कर, परत ये, बंद कर. बाबांच्या गाडीचं बावीस वर्षं हेच चाललं होतं.

आणि इथेनॉल? हा प्रश्न आता सगळेच विचारतात. आपल्याकडे जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. साधं नायट्राइल रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त फुगतं आणि मऊ पडतं. १९५७ मध्ये बाजारात आलेलं व्हायटन जातीचं रबर बरंच जास्त सोसतं. जुन्या काही गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे सरकारी खुलाशातही २०२५ मध्ये म्हटलेलंच होतं, स्वस्तातलं काम म्हणून. मुद्दा पैशांचा नाहीच, मुद्दा असा की कुणीतरी बॉनेट उघडून बघितलं पाहिजे. माझ्यापुरतं सांगायचं तर आमची कडी इथेनॉलने मारली असं मी म्हणणार नाही. ती फुगलेली नव्हती, चपटी आणि टणक झाली होती. उष्णतेचं आणि वयाचं काम.

काम सुरू करण्याआधी काकांनी वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवायला लावला. इंजिन रात्रभर थंड. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू केली, नळीतलं पेट्रोल संपल्यावर ती आपोआप बंद पडली, तरी आणखी दोनदा स्टार्टर मारला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. हे न करता नळी उघडली तर पेट्रोल थेट तोंडावर. बल्बचा पिवळा लोंबता दिवा काकांनी लांब ठेवला, तापलेल्या काचेवर पेट्रोल उडालं की संपलं.

नळीचे बोल्ट काढून ती इंजेक्टरांसकट सरळ वर उचलली. तो इंजेक्टर नळीतून निघाला तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसतं मला दाखवलं. कडीभोवती करड्या रंगाचं सिलिकॉन सीलंट थापलेलं. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात सर्व्हिसिंग केली होती, 'वास' ही तक्रार बाबांनी तेव्हाच सांगितली होती म्हणे. सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसू शकतात. महिना-दोन महिने वास थांबला असणार. मग परत सुरू झाला आणि बाबांनी तो वयावर ढकलला.

जुन्या कड्या काकांनी लाकडी काडीने काढल्या, स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नाही, खाचेला ओरखडा पडला तर नवी कडीही गळणार. आठही कड्या बदलायच्या ठरल्या, एकाच वयाच्या होत्या सगळ्या. नव्या कड्या मी आदल्या दिवशी यवतमाळहून पार्ट नंबर दाखवून आणल्या होत्या. दुकानदार डब्यातल्या मिश्र कड्यांतून 'याच मापाची' देत होता. माप तेच असलं तरी रबर कुठलं ते बघून कळत नाही, काळं ते काळंच. मी पाकिटबंदच घेतल्या. सगळ्यांचे मिळून पैसे एका पिझ्झापेक्षा कमी.

पहिला इंजेक्टर काकांनी बसवला, दुसरा माझ्या हातात दिला. मी नीट सरळ धरून दाबला. जरा अडकला, आणखी जोर लावला, बसला. मला वाटलं जमलं. काकांनी तो परत ओढून काढला आणि नवी कोरी कडी दाखवली, कडेने सोललेली. खोबरं खवताना निघतं तसं रबराचं सालपट.

"सुकी घातली काहून? तेल कोन लावन?"

स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं असतं. इतकंच. न लावता घातली की कडी धातूच्या काठावर सोलली जाते, आणि बाहेरून काही दिसत नाही. मी ज्यादाच्या दोन कड्या आणल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर परत यवतमाळ, येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर. उरलेले तीन काकांच्या नजरेखाली तेल लावून, न पिळता, सरळ दाबून बसवले.

नळी परत बोल्टली, फ्यूज लावला, बॅटरी जोडली. गाडी लगेच चालू करायची नाही. किल्ली नुसती ऑन करायची, पंप दोन सेकंद घुं करून थांबतो, परत बंद, परत ऑन. असं तीनदा. दाब भरला. काकांनी बॅटरीवरच्या टॉर्चने चारही माना बघितल्या, खालून बोट फिरवलं, बोट हुंगलं. कोरडं. मग चालू केली. दहा मिनिटं चालवली, बंद केली, अर्धा तास चहा घेतला आणि परत बघितलं. कोरडंच.

काका पैसे घ्यायला तयार नव्हते, दिवाळीचे दिवस म्हणून. बाबांनी खिशात कोंबले. जाताना काका बाबांना म्हणाले, "सर, आता वास आला तर लगोलग फोन करजा. ॲम्बॅसिडरच्या गोष्टी सांगू नका."

त्या रात्री बाबा जेवण झाल्यावर पोर्चमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होतो. बॉनेटजवळ वाकून दोनदा हुंगलं, मग मागे टाकीपाशी जाऊन हुंगलं, परत पुढे आले. आत आल्यावर आईला म्हणाले, "गाडी राहू दे अंगणातच. देवदिवाळी होईपर्यंत."